वाचून झाल्यावर पुढच्याला द्या

माझं बोलणं संपलं की समोरची माणसं गप्प होतात. कित्येक वर्षं मी याला विजय समजत होते.

नागपुरात सक्करदऱ्याच्या चौकातली कोपरा सभा असो नाहीतर मावशीकडचं हळदीकुंकू, मी उभी राहणार, फुटपाथ या विषयावर बोलणार, शेवटचं वाक्य हाणणार आणि मग शांतता. प्रश्न नाही, शंका नाही. एकदा हळदीकुंकवात एका बाईंनी वाण तसंच टाकून चपला घातल्या आणि चालू पडल्या. तेव्हाही मला वाटलं, आतून हलल्या बिचाऱ्या.

आमची मोहीम साधी आहे. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, तो चालणाऱ्यांना परत द्या. यात न समजण्यासारखं काय आहे, हे मला आजवर समजलेलं नाही. मोहिमेची पत्रकं मी लिहिते. पत्रकाचंही एक शास्त्र असतं. पहिल्या ओळीत प्रश्न टाकायचा, पण असा, की कोणाला उत्तर देता येऊ नये. ‘आणखी किती दिवस जीव मुठीत धरून चालणार?’ आता याला माणूस काय सांगेल? मंगळवारपर्यंत? मग मागण्या, मग उद्गारचिन्हं. आणि अगदी तळाशी एक ओळ: ‘फेकू नका. वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.’

या ओळीमागे आमची मोठी नामुष्की आहे. पहिलं पत्रक आम्ही भर बाजारात वाटलं. लोकांनी घेतलं, थोडं पुढं गेले आणि टाकलं. कुठं, तर फुटपाथवर. ‘फुटपाथ मोकळे करा’ असं ओरडणाऱ्या कागदांनी अख्खा फुटपाथ भरून गेला. ज्या चष्मेवाल्याच्या दुकानाबाहेरचं सामान उचला म्हणून आम्ही घसा कोरडा केला होता, तो बाहेर येऊन म्हणाला, “मॅडम, आमचं सामान तरी दुकान बंद करताना आत जाते. हे कोण उचलन?” आम्हीच उचललं. वाकून वाकून. तो टाळ्या वाजवत नव्हता एवढंच.

तेव्हापासून ती ओळ सक्तीची झाली. महाल भागातल्या एका गल्लीत आमचा नेहमीचा प्रेस आहे. तिथल्या काकांकडून ती ओळ एकदा गळली, तर मी त्यांच्या काउंटरसमोर उभी राहून जबाबदारी या विषयावर भाषण दिलं होतं. ते शेवटी हात जोडून म्हणाले, “तुमच्याकडून काही बी आलं न मॅडम, का ती ओळ खाली पडलीच समजा. या जन्मात विसरत नाही.” त्यांनी शब्द पाळला. तेच तर सांगायचं आहे.

दादाचं लग्न झालं आणि वहिनी उमरेडहून आमच्याकडे आली. दादाची नोकरी खापरखेड्याला वीज केंद्रात, शिफ्टची. क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून तो तिकडं मित्राच्या खोलीवर राहायचा आणि सुटीला घरी यायचा. म्हणजे वहिनीच्या वाट्याला उरलो आम्ही. बाबा, जे पेपरच्या पलीकडे राहतात. आई, जी सूचना देते. आणि मी, जी भाषण देते. संवाद नावाची वस्तू आमच्या घरात कोणी वापरत नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नव्हतं.

वहिनीच्या माहेरी आजोबांपर्यंत हातमाग होता. तिच्या बाबांनी माग मोडून रंगांचं दुकान टाकलं. ती तिथंच बसून चित्रं काढायला शिकली. कॉलेजसाठी उमरेड ते नागपूर रोज एसटीनं येजा करायची. शेजारी रोज नवं माणूस. तिनं त्या वर्षांत बसमध्ये जे ऐकलं, त्यातून तिनं एक पत्त्यांचा खेळ काढला. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की ओट्यापाशी स्टूल घेऊन ती पानं रंगवत बसायची. खेळाचं नाव ‘सोबत’.

खेळ असा. सगळे खेळणारे एकाच बसमध्ये बसलेत, ओळख नाही. मधोमध रस्त्याची पानं उपडी ठेवायची. कोणावर बस पंक्चर आहे, कोणावर चहाची टपरी, कोणावर नाल्याला आलेला पूर. एकेक पान उलटायचं आणि हातातल्या बोलण्याच्या पानातलं एक टाकून शेजाऱ्याशी बोलणं काढायचं. शेजाऱ्यानं ते पुढं न्यायचं, हवं तर आपली हकीकत सांगायची, हवं तर बनवायची. ज्याच्या बोलण्यानं गप्पा थांबतील, त्यानं ते पान आपल्या मांडीवर घ्यायचं. ते त्याचं ओझं. मुक्कामाचं पान आलं की ओझी बघायची. ज्याचं कमी, तो जिंकला.

आईला हे बिलकुल मंजूर नव्हतं. आमच्याकडे पत्ते म्हणजे पोळ्याच्या दिवशी बाप्यांनी झाडाखाली बसून करायचा उद्योग. “काहून वं,” ती मला म्हणायची, पण आवाज ओट्यापर्यंत जाईल असा, “सून भरदुपारी पत्ते पिसून राहिली, लोक काय म्हणतीन?” आईच्या मते वहिनीनं बी.एड. करायला हवं होतं. वाद नको म्हणून वहिनीनं एक शब्द दिला. धरमपेठेत खेळणी आणि भेटवस्तूंचं दुकान असलेल्या एक बाई हिवाळ्यात एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवतात. त्यांनी वहिनीला अर्धं टेबल दिलं होतं. खेळ आवडला तर त्या तो दुकानात ठेवणार होत्या. “तिथं चालला तर मी हेच करीन, आई,” वहिनी म्हणाली. “नाही चालला तर बी.एड.चा फॉर्म भरतो.” आईला शब्द मिळाला, वहिनीला एक रविवार मिळाला.

आणि मग तिनं आयुष्यातली मोठी चूक केली. ती माझ्याकडे आली.

“ताई, चित्रं झाले माह्ये. बोलण्याचे पानं तुम्ही लिहून द्या न. तुम्ही लिहिता.”

‘तुम्ही लिहिता.’ वा! मी त्याच बैठकीत सगळी पानं लिहून काढली. विषयच असा होता, प्रवास, नाती, बाई, बस. माझं रक्त उकळत होतं. ‘खिडकीची जागा ही मेहेरबानी नाही, हक्क आहे!’ ‘तुमच्या नात्यात समता आहे का? असल्यास पुरावा काय?’ ‘ज्यानं तुम्हाला निरोप दिला, त्यानं तुम्हाला थांबवलं का नाही? उत्तर द्या!’ वहिनीनं सगळं वाचलं. तिचा चेहरा बसमध्ये उलटी होणाऱ्या माणसाच्या शेजारी बसल्यासारखा झाला.

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “जरा आवाज कमी होईन का?”

“तडजोड?” मी विचारलं.

“नाही, आवाज.”

त्याच दुपारी आम्ही खेळून पाहिलं. आई बाजूला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, खेळाकडे पाठ करून, पण कान इकडेच. पान निघालं, बस पंक्चर, कंडक्टर म्हणतो अर्धा तास लागेल. मी झोकात खिडकीच्या हक्काचं पान टाकलं.

“बसा न मग,” वहिनी म्हणाली.

संपलं. पुढं काय बोलणार? पान माझ्या मांडीवर. मग समतेचा पुरावा. वहिनीनं खरोखर विचार केला, दादाचा वगैरे, आणि म्हणाली, “पुरावा आत्ता जवळ नाही.” पान माझ्या मांडीवर. मग तिची पाळी आली. तिनं स्वतः लिहिलेलं एक पान टाकलं, ‘डब्यात काय आणलं?’

“डबा हा मुळात बाईच्या न मोजलेल्या श्रमांचा प्रश्न आहे,” मी म्हणाले.

वहिनीचं पानही माझ्याच मांडीवर आलं. मुक्कामाचं पान येईपर्यंत पत्त्यांचा अर्धा जोड माझ्या मांडीवर होता. आईनं शेंगा बाजूला ठेवल्या आणि पदर तोंडाला लावून हसली. “सारं ओझं इच्याचजवळ! इच्यासंगं उमरेडले काय, कोणी मेडिकल चौकापर्यंत बी जाणार नाही.”

मी चिडले. हरल्यामुळे नाही. मी चिडले कारण नियमच अन्यायकारक होता. ठणकावून बोलणाऱ्याला शिक्षा आणि गुळमुळीत बोलणाऱ्याला बक्षीस, हीच तर समाजाची रीत आहे, ती खेळात कशाला? असं मी बरंच बोलले. बोलणं संपलं तेव्हा समोर कोणी नव्हतं. वहिनी चहा ठेवायला गेली होती.

तिनं पानं पुन्हा लिहिली, मला न दुखवता, म्हणजे मी सभेला गेलेली असताना. तिची पानं वाचून मला कळेना यात खेळण्यासारखं काय आहे. ‘उतरल्यावर कोण घ्यायला येणार?’ ‘कोणाकडे जायचं राहूनच गेलं?’ आणि सगळ्यांत पहिलं, ‘जेवण झालं का?’ हे शेवटचं काढून टाक म्हणून मी दोन दिवस भांडले. “हा प्रश्न नाही वहिनी, हा नुसता आवाज आहे.”

“बसमध्ये पहिले आवाजच लागते, ताई. प्रश्न मागून येते.”

माझं एक पान मात्र तिनं ठेवलं. ‘आणखी किती दिवस गप्प बसणार?’ उद्गारचिन्हाशिवाय. मी म्हटलं, दया नको. ती म्हणाली, “दया नाही. एखादं पान तिखट पाहिजे.”

छपाईचं मी अंगावर घेतलं, कारण प्रेस माझ्या ओळखीचा. चित्रं तिनं पेन ड्राइव्हवर दिली. मजकूर मी माझ्या फोनवरून काकांना पाठवला. प्रूफ तयार झाल्यावर काकांनी बोलावलं. मी गेले आणि दाराशीच अडखळले. प्रेसपुढं सिमेंटची एक नवी पायरी झाली होती, थेट फुटपाथवर आलेली. माझ्याच प्रेसपुढं! जिथून ‘फुटपाथ मोकळे करा’ छापून जातं त्या दारात!

“मॅडम, प्रूफ पाहून घ्या एकदा,” काका म्हणाले.

“काका, ही पायरी कोणाला विचारून केली?”

“पाहून घेता न प्रूफ?”

मी पहिला मुद्दा मांडला, दुसरा मांडला, तिसऱ्या मुद्द्याच्या मध्यावर त्यांनी माझ्या हातात पेन दिलं, आणि मी बोलता बोलता प्रूफवर ‘ओके’ लिहून सही केली. न बघता. अन्यायाविरुद्ध बोलताना मी कागद बघत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी खोका आला. वहिनीनं पहिला जोड उघडला. पानं देखणी झाली होती, गुळगुळीत, कोपरे गोल. तिनं एक पान बघितलं, दुसरं बघितलं, मग भराभरा सगळी. मग पानं ओट्यावर ठेवून हात पुसले, हात ओले नसताना.

प्रत्येक बोलण्याच्या पानाखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘फेकू नका. वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.’

आईनं चष्मा लावून एक पान वाचलं. “हे तर त्या पोस्टकार्डासारखं झालं. अकरा जणाले लिहा, नाईतर घरात इपरीत होते म्हणे. तसले पहिले येत आपल्याकडं.” ती चिडवत नव्हती, तिला खरंच तसं वाटलं. त्यामुळे जास्त लागलं.

मी फोन लावला, आवाज चढवूनच. “काका, हे काय केलंत तुम्ही?”

“काहून? तुम्हीच म्हणल्या होत्या न, तुमच्याकडून आलं का ती ओळ पडलीच पाहिजे म्हणून.” काका खूश होते. “मी तर या टायमाले बोल्ड बी केली!”

मी फोन ठेवला. निषेध कोणाचा करायचा हे पहिल्यांदाच माझ्या लक्षात येत नव्हतं. लक्षात येत होतं, पण पत्ता घरचाच होता. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन, पुन्हा छापायला वेळही नाही, पैसाही नाही. मी उपाय सुचवू लागले. ब्लेडनं ओळी कापू, पांढऱ्या शाईनं खोडू, दारावर खुलासा लावू, मी स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला पार्श्वभूमी समजावून सांगते...

“ताई,” वहिनी म्हणाली. माझ्यावर ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. “उद्या चला माझ्यासंगं. टेबलावर एक माणूस लागन. फक्त काही बोलू नका.”

“अजिबात?”

“‘बसता का?’ एवढं म्हणा.”

धरमपेठेतला हॉल सकाळपासून भरला. आमच्या अर्ध्या टेबलाच्या उरलेल्या अर्ध्यावर चटण्या विकणाऱ्या एक बाई होत्या आणि जवस-तिळाच्या वासानं लोक त्यांच्याकडेच खेचले जात होते. मी ‘बसता का?’ म्हणायला सुरुवात केली. पहिल्यांदा म्हणाले तर एक गृहस्थ दोन पावलं मागं सरकले. माझ्या तोंडून ते ‘बसताय की नाही?’ असं निघालं असावं. वहिनीनं हळूच सांगितलं, “थोडं हसून.” मी हसले. त्यानं आणखी एक जण गेला.

शेवटी एक आजी-आजोबा टेकले, पाय दुखतात म्हणून. शेजारी कॉलेजच्या दोन मुली बसल्या. वहिनीनं पानं वाटली, नियम सांगितले. खालच्या ओळीबद्दल ती काही बोलली नाही. कोणाच्या लक्षात येऊ नये अशी आशा असावी. आजोबांनी रस्त्याचं पान उलटलं, चहाची टपरी. हातातलं पान वाचलं, “कोणाकडे जायचं राहूनच गेलं?” खरं तर हे त्यांनी शेजारी विचारायचं होतं. पण त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. “माझा एक मित्र होता भंडाऱ्याला. बोलावत राहायचा.” मग चष्म्यातून पानाच्या तळाशी बघितलं. “वाचून झाल्यावर पुढच्याला द्या. बरं.” आणि ते पान त्यांनी आजींच्या हातात दिलं.

वहिनी ‘नाही, ते चुकून’ म्हणायला निघाली. पण आजी तिच्याआधी बोलल्या.

“भंडाऱ्याचा म्हणजे तोच ना, ज्याच्याकडे तुमची सायकल दिसली होती?”

“दिसली म्हणजे? मी दिली होती त्याला.”

“मला तर चोरीला गेली म्हणालात!”

“तेव्हा तसं म्हणणं बरं होतं.”

“इतकी वर्षं मी त्या कोपऱ्यावरच्या पोरावर संशय घेतेय!” आजींनी मग आपलं राहून गेलेलं सांगितलं. चंद्रपूरची बहीण होती, आणि तिच्याकडे जायचं राहण्याचं कारणही आजोबाच होते. मग पान मुलीच्या हातात. ती म्हणाली, सांगत नाही, मग सांगितलं. मग तिच्या मैत्रिणीच्या हातात. मैत्रीण वाचत राहिली, वाचत राहिली, आणि पान तिच्याजवळ थांबलं.

“थांबलं तिथं ओझं,” वहिनी म्हणाली. तिनं तो नियम तिथंच, त्या क्षणी केला. मी तिच्याकडे बघत होते. रात्रभर न झोपलेल्या बाईचे डोळे कसे चमकतात ते मी बघितलं.

त्यानंतर टेबल रिकामं झालं नाही. एकाच पानाला चार तोंडांतून चार उत्तरं यायची आणि चौथं पहिल्याला खोटं पाडायचं. चटण्यांच्या बाईसुद्धा गिऱ्हाईक सोडून दोन डाव खेळल्या. हसण्याचा आवाज ऐकून दुकानाच्या मालकीणबाई आल्या. उभ्यानं बघत राहिल्या, मग बसल्या.

“ही पुढच्याला देण्याची आयडिया कोणाची?” त्यांनी विचारलं.

“आमच्या नणंदबाईंची,” वहिनी म्हणाली.

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. टेबलाखालून माझा पाय दाबला गेला. सत्यासाठी जन्म घालवायला निघालेली मी, एका पायाच्या दाबानं गप्प बसले.

“छान आहे,” मालकीणबाई म्हणाल्या, “पण मला एक शंका आहे. मैत्रिणी काय, कशावरही बोलतात. अनोळखी तर त्याहून जास्त. पण लोक हे घरी खेळायला विकत घेणार. घरातली माणसं बोलतील का हो? सासू-सून बोलतील?”

वहिनी काही म्हणणार, इतक्यात आई डबा घेऊन हॉलमध्ये शिरली. मी देवबीव मानत नाही. पण ती वेळ कोणीतरी ठरवली असेल तर त्याची पत्रकं मी फुकट लिहून देईन.

“मी पत्ते खेळत नाही,” आईनं आधीच सांगून टाकलं.

“पत्ते नाहीत हो, प्रवास आहे,” मालकीणबाई म्हणाल्या.

“गुडघे दुखते म्हणून बसतो. खेळत नाही.” आणि आई बसली.

वहिनीनं पहिलं पान दिलं, ते माझं नावडतं. आईनं वाचलं, “जेवण झालं का? घ्या! कुठचं होते? इकडं डबा घेऊन आली न मी.” पान वहिनीकडे. “तुमच्यासाठीच थांबली होती, आई.” पान मालकीणबाईंकडे, माझ्याकडे. मीही सांगितलं, नाही झालं. तेवढं बोलायला वहिनीनं मानेनं परवानगी दिली. डाव सुरू झाला. आईला नाल्याच्या पुराचं पान आवडलं. तिच्या लहानपणी एकदा बस खरंच अडकली होती, त्याची हकीकत मी कधी ऐकली नव्हती.

मग तिच्या हातात माझं पान आलं, ‘आणखी किती दिवस गप्प बसणार?’ तिनं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

“हे तुह्यं होय.”

मी मान हलवली. मला वाटलं, आता पान टेबलावर आपटलं जाणार. आई ते नखानं खाजवत बसली, जणू खाली आणखी काही लिहिलेलं निघेल. वहिनीनं टेबलाची कड धरली होती. मालकीणबाई बघत होत्या. मुक्काम यायला थोडीच पानं उरली होती आणि वहिनीचा रविवार संपत आला होता.

“मले वाटे, हीच बोलत नाही,” आई म्हणाली. बोलत होती पानाशी. “हिची माय म्हणे, घरभर बडबड करते पोरगी. आन आमच्याकडं आली तं मुकी. म्या म्हटलं, आमच्याशी नसन बोलाचं. मंग काम सांगत राहो. काम सांगितलं का ‘हो’ तरी म्हणते.”

आणि तिनं पान पुढं दिलं. ओळीत लिहिलंच होतं तसं.

वहिनीनं ते दोन्ही हातांनी घेतलं. “तुम्ही काम सांगून लगेच आत जाता,” ती म्हणाली. “मले वाटे, तुम्हाले माह्यं बोलणं आवडत नाही. मंग मी पानं काढत बसो. कोणाशी तरी बोलल्यासारखं होये.”

“मी आत जातो ते गॅस पाहाले वं!” आई म्हणाली. “दूध ऊतू जाते न!”

मालकीणबाई हसल्या, मग हसणं गिळलं. वहिनी हसत होती का रडत होती ते मला सांगता येणार नाही. तिनं पान माझ्यापुढं धरलं. “बोला ताई. आता चालते.”

माझंच पान. माझंच वाक्य. चौकाचौकांत मी ते लोकांच्या तोंडावर मारलं होतं. एकाच घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोघी गप्प बसल्या होत्या, आणि मधल्या खोलीत मी गावाला जागं करणारी पत्रकं लिहीत होते. मी तोंड उघडलं. पहिला मुद्दा आठवेना. दुसराही नाही. मी पान उलटून मागं बघितलं, तिथं वहिनीनं काढलेली बस होती, आणि मी बसच बघत राहिले.

“थांबली!” आई ओरडली. “ओझं इचं! जिकली मी!”

ती जिंकली नव्हती, तिच्या मांडीवर तीन पानं होती. पण तिला ते सांगायची हिंमत कोणी केली नाही.

मालकीणबाईंनी त्या संध्याकाळी शिल्लक असलेले सगळे जोड दुकानासाठी ठेवून घेतले आणि आणखी मागितले. “फक्त ती खालची ओळ काढू नका हं,” म्हणाल्या. आईनं रिकामा डबा पिशवीत घातला आणि वहिनीला म्हणाली, “बीएडचा फॉर्म काय, पुढच्या साली बी निंगते.” मग मला, “आन तू काहून उभी आहे तशी? खोका उचल.” सूचना. पण त्या दिवशी ती मला होती, वहिनीला नाही.

दुसऱ्या छपाईचं प्रूफ बघायला मीच गेले. पायरी होती तिथंच होती. मी तिच्यावरून आत गेले, स्टूल ओढलं आणि एकेक पान वाचलं, खालच्या ओळीसकट, सही करण्याआधी. काका संशयानं बघत होते. एवढी शांतता त्यांना माझ्याकडून कधी मिळाली नव्हती.

“काका, जेवण झालं का?” मी विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी प्रूफकडे बघितलं, दाराबाहेर पायरीकडे बघितलं. “काय चुकलं मॅडम आता? पायरीचं म्हणत असाल तं मिस्त्रीले सांगतो...”

“नाही हो. नुसतं विचारलं.”

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मशीन बंद केलं. मग ते म्हणाले, “नाही झालं. डबा यायचा आहे घरून.”

“काय आहे डब्यात?”

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. कळलं ते असं, की त्यांच्या आईला आता पाय उचलवत नाही, आणि तरी ती रोज दुपारी रिक्षानं डबा घेऊन येते, कारण सून वांग्यात तेल कमी घालते असं तिचं म्हणणं आहे. पायरी तिच्यासाठी होती.

पायरी बेकायदेशीर आहे, हे माझं मत बदललेलं नाही. पुढच्या पत्रकात तिचा उल्लेख येणारच. पण ते पत्रक त्याच प्रेसमधून छापून घ्यायचं आहे, आणि अजून मला पहिली ओळ सुचलेली नाही.